अर्धी गोळी: घरच्या ड्रॉवरमधलं औषध कुत्र्या-मांजराला देण्याआधी

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं लेखी रूप. माझे "म्हणजे" आणि "ॲक्चुअली" थोडे कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

कर्वेनगरमधून, आपल्या नेहमीच्या खोलीतून बोलतोय. मागे जो आवाज येतोय तो पावसाचा आहे, माईकचा प्रॉब्लेम नाही. आणि मधेच "म्याँव" ऐकू आलं तर तो आमचा भुऱ्या. आजचा भाग त्याच्यामुळेच आहे.

आधीच सांगतो, मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पशुवैद्य नाही. आज मी जे आकडे सांगणार आहे ते धोका कळावा म्हणून आहेत, डोस ठरवायला नाहीत. डोस तुमचा डॉक्टर ठरवेल. पण त्या डॉक्टरकडे जाण्याआधी घरात आपण जे करतो, त्याबद्दल बोलायला मी पुरेसा लायक आहे, कारण आमच्या घरात ते झालंय.

त्या रात्री काय झालं

मागच्या पावसाळ्यातली शनिवारची रात्र. मी ऑन-कॉल होतो, लॅपटॉपसमोर. भुऱ्या संध्याकाळी भिजून आला होता, शिंकत होता, एका कोपऱ्यात अंग आक्रसून बसला होता. बाबांनी त्याच्या कानाला हात लावला आणि म्हणाले, "ताप आहे रे याला." मी स्क्रीनवरची नजर न हलवता म्हटलं, "सकाळी बघू."

रात्री एकच्या सुमारास पाणी प्यायला उठलो, तर भुऱ्या तोंड उघडं ठेवून भराभर श्वास घेत होता. चेहरा सुजलेला, पंजे सुजलेले. हिरड्या बघितल्या तर नेहमीच्या गुलाबी नाहीत, मळकट तपकिरी. आईने टॉवेलमध्ये गुंडाळला, बाबांनी गाडी काढली, आणि रात्री उघडा असलेला एक दवाखाना फोन करकरून शोधला.

डॉक्टरांनी हिरड्या बघितल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "घरातली कुठली गोळी दिलीये का?"

मी एकदम कॉन्फिडन्सने म्हटलं, "नाही."

दोन-तीन सेकंद कोणी बोललं नाही. मग मागून बाबांचा आवाज आला, "अर्धी दिली होती. तापाची. साडेनऊला, पाण्यात विरघळवून, ड्रॉपरने."

बाबांना निघतानाच शंका आली होती. पण मी चिडेन, आई बोलेल, म्हणून ते गप्प बसले होते. डॉक्टर काही रागावले नाहीत. फक्त विचारलं, "पाचशेची होती का साडेसहाशेची?" आणि कामाला लागले.

भुऱ्या वाचला. ऑक्सिजन, सलाइन, उतारा म्हणून एन-ॲसिटिलसिस्टीन, आणि चार दिवस दवाखान्यात. उशीर झाला असता तर वाचला नसता, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. म्हणून आज तीन प्रश्न शिकू या. हे तिन्ही प्रश्न गोळी स्ट्रिपमधून काढायच्या आधी विचारायचे: कोणता प्राणी? वजन किती? गोळीत नेमकं काय आहे?

प्रश्न १: कोणता प्राणी?

आपल्या डोक्यात एक गृहीतक असतं. लहान मुलाला अर्धी गोळी चालते, मग मांजराला पाव चालेल. म्हणजे मांजर हे आपलंच छोटं व्हर्जन. ते तसं नसतं.

आपण पॅरासिटामॉल घेतो तेव्हा आपलं यकृत त्याला एक जोड लावून, निरुपद्रवी करून, लघवीवाटे बाहेर काढतं. ही जोड लावणारं एक एन्झाइम मांजरात जवळपास काम करत नाही, कारण त्याचा जीनच मोडलेला आहे. फक्त घरच्या मांजरात नाही, वाघ-सिंहासकट सगळ्या मार्जारकुळात. नेहमीचा रस्ता बंद, म्हणून औषध दुसऱ्या रस्त्याने जातं आणि त्यातून विषारी पदार्थ तयार होतो. तो तांबड्या पेशींवर हल्ला करतो. रक्तातलं हिमोग्लोबिन असं बदलतं की त्याला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. रक्त चॉकलेटी होतं, हिरड्या तपकिरी होतात. भुऱ्याच्या हिरड्या तशा का दिसत होत्या, ते मला तेव्हा कळलं.

म्हणून मांजराला पॅरासिटामॉल कमी द्यायचं असं नाही. द्यायचंच नाही. पाव नाही, लहान मुलांचं सिरपही नाही.

एक औषध एका प्राण्याला अमृत आणि दुसऱ्याला विष, याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच देशात घडलंय. १९९० च्या दशकात भारतातली गिधाडं झपाट्याने नाहीशी व्हायला लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून जास्त घटली. कारण बरीच वर्षं कळेना. २००४ साली पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून उत्तर मिळालं: डायक्लोफिनॅक. तेच, आपण पाठदुखीला घेतो ते. दुखणाऱ्या गाई-बैलांना ते दिलं जायचं, जनावर मेलं की गिधाडं ते खायची, आणि गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. मग लोक माणसांच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरायला लागले, म्हणून २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची बाटली ३ मिलिलीटरपुरती मर्यादित केली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवरही जनावरांसाठी बंदी आली. बैलाला चाललं, माणसाला चाललं, गिधाडाला नाही चाललं. औषध एकच.

तुमच्या घरात ससा किंवा गिनीपिग असेल तर आणखी जपून. कुत्र्या-मांजरांना सर्रास दिलं जाणारं ॲमॉक्सिसिलिन त्यांना तोंडाने दिलं तर पोटातले उपयोगी जिवाणू मरतात आणि त्यात प्राणी दगावू शकतो. कुत्र्यांच्या पिसवांसाठी मिळणारं फिप्रोनिल सशासाठी घातक आहे.

प्रश्न २: वजन किती?

आता थोडं गणित. घाबरू नका, पाचवीतलं आहे.

६० किलोच्या माणसाने ५०० मिलिग्रॅमची एक गोळी घेतली तर किलोमागे साधारण ८ मिलिग्रॅम झाले. भुऱ्या साडेतीन किलोचा. त्याला अर्धी, म्हणजे २५० मिलिग्रॅम. भागाकार करा: किलोमागे ७१. म्हणजे बाबांनी एका वेळी साडेआठ गोळ्या खाल्ल्यासारखं! आणि मांजरात किलोमागे १० मिलिग्रॅमलाही विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. "अर्धीच तर दिली" या वाक्यात किती मोठा आकडा लपलेला असतो बघा.

कुत्र्यांचंही तसंच. मेलॉक्सिकॅम हे दुखण्यावरचं औषध पशुवैद्य कुत्र्यांना खरोखर देतात, आणि गिधाडांनाही ते सुरक्षित आढळलंय. मग काय, चांगलंच औषध की! पण कुत्र्याचा नेहमीचा डोस किलोमागे दिवसाला ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास असतो. माणसांची मोठी गोळी १५ मिलिग्रॅमची. १० किलोच्या कुत्र्याला ती अख्खी दिली तर पंधरापट झाली. औषध बरोबर, प्राणी बरोबर, तरी घात.

म्हणून घरी वजन माहीत हवं. सोपी पद्धत: आधी तुम्ही एकटे काट्यावर उभे राहा, मग त्याला उचलून घेऊन. वजाबाकी करा. फोनमध्ये तारखेसकट लिहून ठेवा. पिल्लाचं वजन आठवड्यात बदलतं, त्यामुळे मागच्या महिन्याचा आकडा धरू नका.

आणि सिरप असेल तर चमच्याने मोजू नका. आमच्या घरातच तीन आकारांचे "चहाचे चमचे" आहेत. सुई काढलेली सिरिंज केमिस्टकडे पाच-दहा रुपयांत मिळते. बाटलीवर "मिलिग्रॅम प्रति मिलिलीटर" किती लिहिलंय ते वाचा. त्याच नावाचं सिरप दोन वेगवेगळ्या ताकदींत मिळतं.

प्रश्न ३: गोळीत नेमकं काय आहे?

स्ट्रिपवरचं मोठं नाव वाचू नका, खालचं बारीक अक्षर वाचा. कॉम्बिफ्लॅम म्हणजे काय? ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन अधिक ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. एका गोळीत दोन औषधं. पाच किलोच्या पिल्लाला ती दिली तर आयबुप्रोफेनच किलोमागे ८० मिलिग्रॅम जातं. कुत्र्याच्या पोटात त्याने अल्सर होतात, जास्त गेलं तर मूत्रपिंडं जातात. उलटी, खाणं बंद, डांबरासारखी काळी शी ही त्याची लक्षणं. सर्दीच्या गोळ्यांत तर तीन-तीन, चार-चार औषधं असतात.

"शुगर-फ्री" लिहिलेलं काहीही असेल तर त्यात झायलिटॉल आहे का ते बघा. आपल्याला त्याने काही होत नाही. कुत्र्याच्या शरीरात मात्र एकदम इन्सुलिन सुटतं आणि रक्तातली साखर कोसळते.

जनावरांच्या औषधावर "माणसांच्या वापरासाठी नाही, फक्त जनावरांच्या उपचारासाठी" अशा अर्थाची सूचना छापलेली असते. ती सूचना नसेल तर ते औषध माणसांसाठी बनलेलं आहे, एवढं तरी लक्षात घ्या. पशुवैद्य कधीकधी माणसांचं औषधही लिहून देतात, पण तेव्हा त्यांनी हे तिन्ही प्रश्न सोडवलेले असतात.

आता रोजचे प्रॉब्लेम

ताप. भुऱ्याला त्या संध्याकाळी ताप होता का? बहुतेक नव्हताच! कुत्र्या-मांजरांचं नॉर्मल तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइटच्या घरात असतं. आपल्या हाताला ते गरमच लागणार. कानाला हात लावून ताप ठरत नाही, आणि नाक कोरडं आहे यावरूनही नाही.

लंगडणं. गोळी शोधण्याआधी पंजा बघा. काटा, काच, बोटांमध्ये अडकलेली गोचीड. दोन दिवस जिने आणि उड्या बंद. तरी लंगडत असेल तर दवाखाना. आधीच स्टेरॉइड चालू असेल तर दुखण्याची गोळी वरून कधीच देऊ नका, दोन्ही मिळून पोट फाडतात.

गोचीड. पुण्यात कुत्रा पाळला आणि गोचीडतापाचं नाव ऐकलं नाही असं होत नाही. त्यासाठी डॉक्सीसायक्लिनचा कोर्स साधारण तीन-चार आठवड्यांचा असतो. चार-पाच दिवसांत कुत्रा पुन्हा उड्या मारायला लागतो आणि आपण गोळ्या थांबवतो. तिथेच चुकतं. आजार दबून बसतो आणि महिन्यांनी परत डोकं वर काढतो. उरलेल्या गोळ्या शेजारच्यांच्या कुत्र्याला देणं ही त्याहून मोठी चूक. आणि कुत्र्याच्या मानेवर लावायचं गोचिडीचं औषध मांजराला लावू नका. त्यात परमेथ्रिन असेल तर मांजराला झटके येतात. घरात दोन्ही असतील तर कुत्र्याला लावल्यावर वाळेपर्यंत त्यांना वेगळं ठेवा. आंघोळीच्या पाण्यात घालायचं अमित्राझ असेल तर लेबलवर लिहिलंय तेवढंच पातळ करा, आणि अंग वाळेपर्यंत चाटू देऊ नका.

जंत. जंताची गोळी दुकानातून सहज मिळते, आणि बहुतेकदा ती सुरक्षितही असते, पण तीही वजनावरच. कुत्र्यांच्या बऱ्याच गोळ्या "१० किलोला एक" अशा असतात. तीन किलोच्या पिल्लाला अख्खी नाही. कोली जातीच्या कुत्र्यांची आणखी एक अडचण आहे. त्यांच्यातल्या अनेकांमध्ये एका जीनमधल्या बदलामुळे औषध मेंदूत शिरण्यापासून रोखणारा पहारेकरीच नसतो. आयव्हरमेक्टिनचा जो डोस गावठी कुत्र्याला चालेल, तो यांना बेशुद्ध करू शकतो. हा बदल २००१ मध्ये अमेरिकेत सापडला. जुलाबावरची आपली लोपेरामाइडची गोळीही यांना त्याच कारणाने धोक्याची.

उलट्या-जुलाब. मोठं, ठणठणीत जनावर एकदा ओकलं तर थोडा वेळ पोटाला आराम आणि पाणी. पण लस न झालेलं पिल्लू उलट्या करतंय आणि शीत रक्त आहे, तर पार्व्हो असू शकतो. तिथे घरगुती औषध करत बसू नका, सरळ गाडी काढा.

खाज आणि जखम. आपण लावलेलं मलम ते चाटून पोटात घालतात. म्हणजे प्रत्येक मलम हे खरं तर तोंडाने दिलेलं औषध आहे. आणि पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी जंतुनाशकं मांजरांसाठी विषारी असतात. साधं सलाइन किंवा स्वच्छ कोमट पाणी पुरतं.

फटाके. गणपतीपासून दिवाळीपर्यंत आपल्याकडे हा सीझनच असतो. घरातली झोपेची गोळी कुत्र्याला देऊ नका. काही औषधांनी शरीर सुस्त पडतं, पण आतली भीती तशीच राहते. म्हणजे तो घाबरलेलाच असतो, फक्त पळू शकत नाही. भीतीवरची चांगली औषधं आहेत, पण डॉक्टरांना दिवाळीच्या दोन आठवडे आधी भेटा, म्हणजे एकदा ट्रायल घेता येते. आपण प्रॉडक्शनवर थेट टेस्ट करत नाही, तसंच.

गोळी द्यायची कशी

मांजराला कोरडी गोळी घशात टाकून सोडून देऊ नका. ती अन्ननलिकेत अडकते, आणि डॉक्सीसायक्लिनसारखी गोळी तिथे जखम करते. मागोमाग सिरिंजने थोडं पाणी किंवा एक घास खायला द्या. सिरिंज गालाच्या बाजूने, हळूहळू. सरळ घशात मारली तर पाणी फुप्फुसात जातं. दुधातून गोळी देण्याची आपल्याकडची सवय सोडा, काही औषधं दुधाबरोबर नीट शोषली जात नाहीत. आणि गोळी फोडण्याआधी विचारा, प्रत्येक गोळी फोडायची नसते.

आणि चूक झालीच तर

लक्षणं दिसायची वाट बघू नका. भुऱ्या साडेनऊ ते एक शांत कोपऱ्यात पडून होता, आम्हाला वाटलं झोपलाय. ते साडेतीन तास आमच्या हातातले होते.

लगेच फोन करा आणि चार गोष्टी सांगा: काय दिलं, किती, किती वाजता, वजन किती. स्ट्रिप सोबत घ्या, रिकामी असली तरी. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न करू नका, मीठच विषासारखं चढू शकतं. दूध, तूप, लिंबू काही नको.

दिवसा औंधला जिल्ह्याचं सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. गावाकडे घर असेल आणि गुरं असतील तर शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री नंबर आहे. आणि रात्री उघडा असणारा, तुमच्या घरापासून जवळचा दवाखाना कोणता, हे आज दुपारी शोधा. रात्री एक वाजता राजाराम पुलावर थांबून नाही. आम्ही तेच केलं होतं.

सगळ्यात महत्त्वाचं: खरं सांगा. गोळी दिली ही चूक होती, पण भुऱ्याला त्याहून जास्त महाग पडलं असतं ते गप्प बसणं. बाबांना मी त्या रात्री काही बोललो नाही. खरं तर बोलायचा हक्कही नव्हता. "सकाळी बघू" मीच म्हणालो होतो. त्यांनी निदान उठून त्याच्यासाठी काहीतरी केलं होतं.

घरी कोणी असं काही केलं असेल तर आधी विचारा, मग ऐका, आणि भांडण नंतरसाठी ठेवा. ज्याला ओरडा बसणार याची भीती असते, तो वेळेवर सांगत नाही. आमच्या ऑफिसमध्ये सर्व्हर पडला की पहिला नियम हाच असतो: कोणी पाडला हे नंतर, काय बदललं हे आत्ता सांगा. घरात हा नियम मला फार उशिरा सुचला.

आता आमच्या घरात औषधांचे दोन डबे आहेत. माणसांच्या डब्यावर बाबांनी काळ्या मार्करने लिहिलंय, "भुऱ्याला यातलं काही नाही." खाली भुऱ्याचं वजन आणि डॉक्टरांचा नंबर. दर महिन्याला ते त्याला उचलून काट्यावर उभे राहतात आणि वजन खोडून नवीन लिहितात. परवाचं आहे चार किलो शंभर ग्रॅम. सुटलाय जरा.

तुमच्यासाठी या आठवड्याचं काम: वजन करा, नंबर सेव्ह करा, आणि हा भाग फॅमिली ग्रुपवर टाका. विशेषतः त्या ग्रुपवर, जिथे एक काका किंवा आजी आहेत ज्यांचं प्राण्यांवर फार प्रेम आहे. गोळी बहुतेक वेळा तेच देतात.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, त्यांचीही.